ट्रेकला वॉकीटॉकी घेताय? आधी फ्रिक्वेन्सी ठरवा, सेट नंतर

वॉकीटॉकी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, रेंज किती? आणि डब्यावर लिहिलेलं असतं ३० किलोमीटर, ४० किलोमीटर, काय वाट्टेल ते. ते अगदीच खोटं नसतं म्हणा, एक माणूस या डोंगराच्या माथ्यावर आणि दुसरा त्या डोंगराच्या माथ्यावर उभा असेल, मधे काही नसेल, तर तेवढं जातंही. पण आपण असतो झाडीत, घळीत, नाहीतर कड्याच्या पोटाला चिकटून, तिथे साधा अर्ध्या वॉटचा सेट एक-दोन किलोमीटर चालला तरी पुष्कळ झालं. त्यामुळे डब्यावरचा आकडा वाचून सेट घेऊ नका, तो आकडा वाचायचाच नाही.

मी बघतो तर बहुतेक जण सगळं उलट्या क्रमाने करतात. आधी ऑनलाइन दिसला म्हणून पाच वॉटचा दणकट सेट मागवतात, मग तो कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालवायचा ते शोधतात, आणि शेवटी कळतं की जिथे चाललोय तिथे ती फ्रिक्वेन्सी वापरायची परवानगीच नाही, किंवा ग्रुपमधल्या बाकीच्यांकडे दुसऱ्याच जातीचे सेट आहेत. तर क्रम असा ठेवा: जिथे जाताय तिथे विनालायसन्स काय वापरता येतं, मग ग्रुपमधल्या सगळ्यांना ते वापरता येईल का, आणि मग सेट. वॉट सगळ्यात शेवटी.

कुठे काय चालतं

रेडिओलहरींना सीमा कळत नाही पण नियमांना कळते. युरोपात पीएमआर ४४६ नावाचा पट्टा आहे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, पॉवर जास्तीत जास्त अर्धा वॉट, अँटेना सेटलाच कायम जोडलेला, लायसन्स नको. ॲनालॉगची (म्हणजे साध्या, डिजिटल नसलेल्या सेटची) १६ चॅनेल, पहिलं ४४६.००६२५ वर आणि पुढे प्रत्येक १२.५ किलोहर्ट्झ अंतरावर. जुन्या सेटमध्ये फक्त ८ चॅनेल असतात, म्हणून ग्रुपमध्ये एक जरी जुना सेट असेल तर चॅनेल १ ते ८ मधलंच ठरवा, नाहीतर तो बिचारा दिवसभर शांततेत चालेल आणि त्याला वाटेल कोणी बोलतच नाहीये. भारतातही हाच ४४६.० ते ४४६.२ चा पट्टा २०१८ च्या नियमांनी लायसन्समुक्त केलेला आहे, फक्त सेटला सरकारी मंजुरी असलेली बघून घ्यायची.

अमेरिकेत वेगळंच, तिथे एफआरएस, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास २२ चॅनेल. २०१७ मध्ये नियम बदलले त्यानंतर बऱ्याच चॅनेलवर २ वॉट चालतात पण ८ ते १४ ही चॅनेल अजून अर्ध्या वॉटचीच, त्यामुळे लांबच्या माणसाशी बोलायचं तर ती सोडून द्या. त्याच फ्रिक्वेन्सीवर जीएमआरएस पण आहे, त्याला लायसन्स लागतं पण परीक्षा नाही आणि एका लायसन्सवर कुटुंबातले सगळे बोलू शकतात, शिवाय रिपीटर, म्हणजे उंचावर बसवलेलं सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र, वापरता येतो. तिथेच एमयूआरएस नावाची व्हीएचएफची (म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या, लांब लहरींच्या पट्ट्यातली) पाच चॅनेल आहेत, १५१ आणि १५४ मेगाहर्ट्झची, २ वॉट, फारसं कोणी वापरत नाही म्हणून रिकामी मिळतात. ऑस्ट्रेलियात यूएचएफ सीबी (यूएचएफ म्हणजे व्हीएचएफच्या वरचा पट्टा, सीबी म्हणजे सामान्य लोकांसाठीचा रेडिओ), ४७६ ते ४७७ मेगाहर्ट्झ, ८० चॅनेल, ५ वॉट, वैयक्तिक लायसन्स नको. तिथे चॅनेल ५ आणि ३५ संकटासाठी राखीव आहेत, त्यावर गप्पा मारायच्या नाहीत, ४० वर ट्रकवाले असतात, १० वर फोर-व्हील ड्राइव्हवाले, आणि २२-२३ वर बोलायचंच नाही, ती डेटाची.

आता यावरून कळलं असेल की अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेला एफआरएसचा जोड युरोपात किंवा भारतात वापरायचा नाही. तो चालेल हो, प्रश्न चालण्याचा नाहीये, त्या देशात त्या फ्रिक्वेन्सीवर दुसरं कोणीतरी असतं, कधी पोलिसी किंवा कंपनीची यंत्रणाही, आणि तुमची बडबड त्यांच्या कानात जाते. परदेशात ट्रेकला चाललात तर तिथला सेट तिथेच भाड्याने किंवा विकत घेणं सगळ्यात बिनडोकेदुखीचं. आणि विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकू नका.

उरलं हॅम, म्हणजे हौशी रेडिओ. हॅमचं लायसन्स परीक्षा देऊन मिळतं, आणि ते मिळालं की मोठा प्रदेश मोकळा होतो, दोन मीटरचा बँड म्हणजे १४४ मेगाहर्ट्झपासून वर, आणि ७० सेंटिमीटरचा ४३० च्या वरचा, नेमक्या कडा देशागणिक बदलतात. ट्रेकसाठी हॅम म्हणजे मस्तच प्रकार आहे, डोंगरमाथ्यावरून बोलायचा एक जागतिक कार्यक्रमच आहे, समिट्स ऑन द एअर, २००२ पासून चालू आहे. पण एक गोष्ट लोक विसरतात, लायसन्स माणसाचं असतं, सेटचं नाही. ग्रुपमध्ये तुमच्या एकट्याकडे लायसन्स आहे आणि तुम्ही बाकी पाच जणांना सेट वाटले तर ते पाच जण बोलू शकत नाहीत, ऐकू शकतात फक्त. म्हणजे मिश्र ग्रुपसाठी परत विनालायसन्स पट्ट्यावरच यावं लागतं.

आणि तो प्रसिद्ध बाओफेंग यूव्ही-५आर. स्वस्त आणि मस्त सेट आहे, शिकायला उत्तम, माझ्याकडेही आहे. पण त्याचा अँटेना काढता येतो, पॉवर अर्ध्या वॉटच्या कितीतरी वर, म्हणून पीएमआर ४४६ वर बोलायला तो कायदेशीर नाही, बटणं दाबून ४४६.००६२५ टाकता येतं म्हणून ते चालतं असं होत नाही. हॅमवाल्याने हॅमच्या बँडवर वापरावा, बाकीच्यांनी ऐकायला.

व्हीएचएफ की यूएचएफ

यावर वाद घालणारे तासन् तास घालतात. थोडक्यात सांगायचं तर लांब लहर म्हणजे व्हीएचएफ ही डोंगराच्या धारेवरून थोडी वाकून पलीकडे उतरते, आणि पानांनी भरलेल्या रानात कमी शोषली जाते. यूएचएफची लहर आखूड, ४४६ ला साधारण ६७ सेंटिमीटर, ती इमारतींच्या, खडकांच्या फटींतून आपटत आपटत वाट काढते. उघड्या पठारावर किंवा पाण्यावर व्हीएचएफ, वस्तीत आणि घळीत यूएचएफ, असं धरून चाला. पण खरं सांगू का, विनालायसन्स वापरणाऱ्याला निवडच कुठे असते, बहुतेक ठिकाणी यूएचएफच मिळतं, तेव्हा वाद हॅमवाल्यांना घालू द्या.

आता अँटेना. अँटेना चांगला चालायला लहरीच्या पाव भाग लांब तरी हवा. ४४६ ला पाव म्हणजे १७ सेंटिमीटर, सेटवर सहज मावतो. १४५ ला अर्धा मीटर होतो, म्हणून व्हीएचएफ सेटबरोबर येणारा बोटभर रबरी अँटेना म्हणजे तडजोड असते, तो बदलून लांब लवचिक अँटेना लावला की नवीन सेट घेतल्यासारखं वाटतं (जिथे बदलायची परवानगी आहे तिथेच हं). आणि २७ मेगाहर्ट्झच्या सीबीला पावणेतीन मीटर लागेल, म्हणून हातातला सीबी सेट ट्रेकला घेऊन काही उपयोग नाही, तो गाडीवर शोभतो. एक मात्र कधीच करू नका, अँटेना न लावता बोलायचं बटण दाबू नका, आतला पॉवरचा भाग जळू शकतो.

वॉटपेक्षा उंची

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न सुटतात. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, क्षितिजाच्या जरा पलीकडे. अंदाज काढायचं सोपं गणित आहे, तुमच्या अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, तेवढे किलोमीटर. समोरच्याचंही तसंच काढून दोन्ही मिळवा. सपाट मैदानावर दोघंही उभे, सेट दीड मीटरवर, तर प्रत्येकी पाच म्हणजे मिळून दहा किलोमीटर, तेही मधे झाड-झुडूप काही नसताना. आता त्यातला एक जण मैदानापासून २०० मीटर उंच टेकडीवर चढला की हेच अंतर साठ किलोमीटरच्या वर जातं. सेट तोच, वॉट तेच.

उलट वॉट वाढवून काय मिळतं बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट करायला पॉवर चौपट लागते, आणि मधे डोंगराची सोंड असेल तर चौपट काय दहापट केली तरी सोंड सोंडच राहते. बॅटरी मात्र नक्की लवकर संपते. म्हणून आवाज येत नसेल तर हाय पॉवर लावण्याआधी पन्नास पावलं चालून बघा, धारेवर या, झाडापासून बाजूला व्हा, कधी कधी नुसतं दोन पावलं सरकलं तरी आवाज येतो कारण कड्यावरून परत आलेली लहर आणि सरळ आलेली लहर एकमेकींना मारत असतात. सेट उभा धरा, आडवा नाही, दोघांचे अँटेना एकाच दिशेत उभे हवेत. आणि कमरेला लटकवून माइकवर बोलणारे भरपूर असतात, दिसतं भारी, पण शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, तुमच्या मागच्या बाजूला सिग्नल पडतो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला, वर, तिथे बांधा.

चॅनेल, टोन आणि ते प्रायव्हसी नावाचं प्रकरण

डब्यावर १००-२०० चॅनेल लिहिली असतील तर हसून सोडून द्या, १६ किंवा २२ चीच वेगवेगळ्या टोनबरोबर मोजणी केलेली असते. टोन म्हणजे सीटीसीएसएस, तुमच्या आवाजाखाली ऐकू न येईल असा बारीक गुंजारव, ६७ हर्ट्झपासून २५० हर्ट्झच्या आसपासपर्यंत, समोरच्या सेटला तो ओळखू आला तरच स्पीकर उघडतो. कंपन्या याला प्रायव्हसी कोड म्हणतात आणि लोकांना वाटतं आता आपलं कोणी ऐकत नाही. सगळे ऐकतात. टोनने फक्त तुम्हाला दुसऱ्यांचं ऐकू येत नाही, तुमचं सगळ्यांना जातं, तेव्हा गाडीची चावी कुठल्या दगडाखाली ठेवलीय ते रेडिओवर सांगू नका.

वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट असतील तर कोडच्या नंबरवर विश्वास ठेवू नका, एकाचा कोड १२ म्हणजे १०० हर्ट्झ असेल तर दुसऱ्याचा १२ वेगळाच निघू शकतो. माहितीपत्रकात हर्ट्झ बघून जुळवा, आणि जमत नसेल तर टोन बंद करून टाका. ट्रेकवर माझं मत टोन बंदच असावा असं आहे. गर्दीच्या जागी इतरांची बडबड ऐकावी लागते खरी, पण कोणी संकटात हाक मारली तर ती ऐकूही येते. आणि स्वतः संकटात असाल तर पहिलं काम टोन काढणं. मॉनिटर नावाचं बटण बहुतेक सेटवर असतं, ते दाबलं की स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारं फाटक) उघडून सगळं ऐकू येतं, अगदी क्षीण सिग्नलसुद्धा, ते कुठे आहे हे घरी शोधून ठेवा.

एक मुख्य चॅनेल आणि एक पर्यायी, एवढं ठरवा आणि कागदाच्या चिठ्ठीवर लिहून प्रत्येक सेटला चिकटवा. मुख्य चॅनेलवर दुसरा ग्रुप निघाला तर सगळे न विचारता पर्यायीवर जातील. प्रोग्रॅम करता येणारे सेट असतील तर वाइड-नॅरो, म्हणजे सिग्नलची रुंदी, ती पण तपासा, एक सेट २५ किलोहर्ट्झच्या वाइडवर आणि दुसरा १२.५ च्या नॅरोवर असेल तर एकाचा आवाज फाटतो आणि दुसऱ्याचा पुटपुटल्यासारखा येतो, आणि दोघंही बॅटरीला दोष देत बसतात. ड्युअल वॉच, म्हणजे दोन चॅनेलवर एकदम कान ठेवणं, बंद ठेवा, नाहीतर चुकून भलत्याच चॅनेलवर उत्तर जातं. व्हीओएक्स, म्हणजे बोललं की आपोआप चालू होणारं, ते तर नक्की बंद, वाऱ्याने आणि धापा टाकण्याने सेट सतत चालू होतो आणि सगळ्या ग्रुपला तुमचा श्वास ऐकावा लागतो. चॅनेल ठरलं म्हणजे बटणं लॉक करून टाका.

सेट बघताना

पाणी लागणार हे गृहीत धरा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो, आयपी ५४ म्हणजे शिंतोडे चालतील, बुडवू नका. पण हेडसेटच्या भोकावरचं रबरी झाकण उघडं राहिलं की कसलं ६७ आणि कसलं काय. बटणं हातमोजे घालून दाबता येतात का, डायल खिशात आपोआप फिरतो का, हे दुकानातच बघा, रंग सोडा.

बॅटरीचं म्हणाल तर कंपन्या तास मोजतात ते ५-५-९० या हिशोबाने, म्हणजे पाच टक्के वेळ बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के नुसतं चालू. बडबड्या लीडरचं गणित वेगळं असतं. दोन-तीन दिवसांच्या ट्रेकला मला साध्या पेन्सिल सेलवर चालणारा सेट आवडतो, किंवा पेन्सिल सेल आणि चार्जिंगची बॅटरी दोन्ही चालतील असा, कारण तेच सेल हेडटॉर्चला पण चालतात. थंडीत अल्कलाइन सेल पटकन मान टाकतात, लिथियमचे टिकतात, आणि रात्री सेट किंवा बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. दिवसभर सगळे सेट चालू ठेवायची गरज नाही, पुढचा आणि मागचा एवढे दोन सतत चालू, बाकीचे दर तासाला पाच मिनिटं. अमेरिकेतले हॅमवाले १४६.५२ वर असंच करतात, सकाळी ७ पासून दर तीन तासांनी पहिली पाच मिनिटं कान लावून बसायचं.

डिजिटल सेटबद्दल फार नाही बोलत. आवाज स्वच्छ येतो, पण कडेला गेलं की एकदम गायब, ॲनालॉगमध्ये निदान खरखरीतून दोन शब्द हाती लागतात. ट्रेकला मी ॲनालॉगच घेतो.

बोलायचं कसं

हे सेट निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि मराठीत बोलणाऱ्यांसाठी तर जास्तच, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. एकदा मी मागे होतो आणि पुढच्याला सांगितलं "घळीत उतरू नका", आणि सवयीने "नका" म्हणता म्हणता बटण सोडलं. त्याला ऐकू आलं "घळीत उतरू". तो उतरला, चार जणांना घेऊन. काही झालं नाही, फक्त परत चढताना त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून "नका"ने संपणारं वाक्य रेडिओवर बोलायचंच नाही असं ठरवलं, "थांबा, थांबा, आहात तिथेच थांबा" असं म्हणायचं. बटण दाबल्यावर एक श्वास थांबून बोला आणि बोलून झाल्यावर एक श्वास थांबून सोडा, कारण सुरुवातीचा शब्दही असाच खाल्ला जातो.

तसंच आकडे. सात आणि साठ खरखरीत एकसारखे ऐकू येतात, एकोणसाठ आणि एकोणसत्तर तर विचारूच नका. एकेक आकडा सुटा सांगा, पाच नऊ, सहा नऊ. आधी ज्याला बोलावताय त्याचं नाव, मग स्वतःचं, बोलून झालं की ओव्हर, आणि समोरच्याने महत्त्वाचं वाक्य परत म्हणून दाखवायचं. "मी डावीकडे आहे" याला काही अर्थ नाही, तुमची डावी त्याला कशी कळणार, दिशा किंवा खूण सांगा.

आणि रेडिओवर फक्त तोच ऐकतो जो त्या वेळी त्या चॅनेलवर आहे. एकटे असाल, दुर्गम भागात असाल, तर सॅटेलाइट मेसेंजर किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन (उपग्रहामार्फत संकटाची हाक पोचवणारा) ही वेगळी वस्तू आहे, तिथल्या नियमांत बसत असेल तर ती सोबत घ्या, वॉकीटॉकी तिची जागा घेऊ शकत नाही.

निघायच्या आधीच्या आठवड्यात सगळे सेट एकत्र करून एकदा खरंच बोलून बघा, एक जण घराबाहेर लांब चालत जाऊन, कारण एकाच खोलीत शेजारी शेजारी तपासले तर चुकीच्या टोनशिवाय काहीच कळत नाही, आणि उलट एकदम जवळून बोललं तर शिट्टी वाजते ती वेगळी. ट्रेकहून आल्यावर सेल काढून ठेवा, आत राहिले तर पाझरतात. लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी कपाटात टाकू नका, निम्मी ठेवा, आणि ओले झालेले सेट झाकणं उघडून सावलीत वाळवा.